विनाकारण भेटीचा विहित नमुना

एका मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी निवृत्त कंपाउंडर आपल्या मित्राच्या घरी काहीही काम नसताना गेले. या घटनेची दप्तरी तीन ठिकाणी नोंद आहे, तेव्हा तिच्या खरेपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शंका घेतली गेली ती एवढीच, की माणूस काम नसताना जाईलच कशाला.

कंपाउंडरांनी सदतीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गुलाबी औषधाच्या बाटल्या भरल्या होत्या आणि त्यांच्यावर डोसाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्याच दवाखान्याची रजिस्टरं बांधून द्यायला बाइंडर यायचे. त्यातून ओळख झाली, ओळखीतून जाणं-येणं झालं आणि पुढे ओळख कशी झाली ते विसरून नुसतं जाणं-येणं उरलं. कंपाउंडरांना वाटलं की ते उठायचे आणि जायचे. कधी दोन दिवस सलग, कधी आठवडाभर नाही. बाइंडर दार उघडून "ये" म्हणायचे, "काय विशेष?" असं विचारायचे, कंपाउंडर "काही नाही, सहज" म्हणायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. मग एकाच वर्तमानपत्राची दोघांत वाटणी व्हायची. वाचून झालं की नदीवरचा पूल कोणत्या साली झाला यावर भांडण. हे भांडण सव्वीस वर्षं चाललं होतं आणि दोघांनीही ते नीट जपलं होतं.

बाइंडरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. हात थरथरायला लागल्यापासून दुकान बंद होतं, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जिनाही बंद होता, आणि मुलगी दुसऱ्या गावी होती. ती रोज सकाळी नऊला फोन करायची, डबा साडेबाराला यायचा, गोळ्या आठला घ्यायच्या. कंपाउंडरांचं येणं ही त्यांच्या दिवसातली एकच गोष्ट अशी होती, की जिची वेळ ठरलेली नव्हती. म्हणून ते दिवसभर तिची वाट पाहू शकत होते.

कंपाउंडरांचं स्वतःचं घर भरलेलं होतं. मुलगा आणि सून दोघंही गुणी. दोघांच्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं परदेशात होती, त्यामुळे दोघं घरातही एकमेकांना वेळ मागून भेटत. मुलाने आपल्या फोनातल्या कॅलेंडरात दर रविवारी अकरा ते अकरा वीस ही वेळ "बाबा" या नावाने राखून ठेवली होती. ती दोनदा पुढे ढकलली गेली होती आणि दोन्ही वेळा तसं रीतसर कळवण्यात आलं होतं. पोरगा वाईट नव्हता, कुणालाच वाईट म्हणण्यासारखं त्या घरात काही नव्हतं.

घोळ सुरू झाला तो बाइंडरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी पंधरा दिवस मुलीकडे परदेशात जाऊन आल्यामुळे. परत आल्यावर त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "तिकडे" या शब्दाने होऊ लागली. तिकडे कुणी जिन्यात मोठ्याने बोलत नाही. तिकडे कुणी शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागत नाही. आणि मुख्य म्हणजे, तिकडे न कळवता कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. हे सगळं इकडे आणण्यासाठी त्यांनी फाटकावर एक यंत्र बसवलं आणि त्याच्यासमोर वॉचमनला बसवलं.

यंत्रात येणाऱ्या माणसाचे चार प्रकार होते: मालपोच, दुरुस्ती, पाहुणा आणि इतर. पाहुण्याला सहा आकडी क्रमांक लागे आणि तो यजमानाच्या फोनवर येई. बाइंडरांचा फोन बटणांचा होता आणि त्यातलं हिरवं बटण तेवढं त्यांना ठाऊक होतं. "इतर" म्हटलं तर कारण लिहावं लागे, तेही किमान वीस अक्षरांत. कंपाउंडरांनी सांगितलं, "सहज" असं लिही. वॉचमनने लिहिलं, यंत्राने लाल रंग दाखवला. तीन अक्षरांत मावणारं कारण त्याला कारणच वाटत नव्हतं.

वॉचमन शहाणा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कंपाउंडरांच्या हातातली कापडी पिशवी पाहिली आणि म्हणाला, "काका, नळदुरुस्ती म्हणून टाकतो. तुम्ही बिनघोर जा." अशा रीतीने कंपाउंडर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी प्लंबर झाले.

दोन महिन्यांनी यंत्राने आपणहून अहवाल काढला. बाइंडरांच्या घरचा नळ एकोणीस वेळा दुरुस्त झाल्याचं त्यात दिसत होतं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तो अहवाल वाचला आणि त्याच रात्रीपासून त्यांना आपल्या भिंतीवर ओल दिसू लागली. हात लावला तर भिंत कोरडी लागे, पण अहवाल छापील होता. समितीने बाइंडरांची मोरी उकरायचं ठरवलं. उकरण्याआधी प्लंबरला विचारलेलं बरं, असं एका सदस्याला सुचलं आणि पुढच्या भेटीत कंपाउंडरांना फाटकावरून थेट सभेपुढे नेण्यात आलं.

कंपाउंडर खोटं बोलू शकत नव्हते, कारण सदतीस वर्षं थेंब मोजण्यात गेली होती. आपण प्लंबर नाही, हे त्यांनी पहिल्याच फटक्यात सांगून टाकलं.

"मग येता कशाला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सहज."

मग प्रत्येकाने आपापल्या अनुभवाप्रमाणे अर्थ लावला. निवृत्त बँक मॅनेजरांना हे विम्याचे एजंट असावेत असं वाटलं. खजिनदारबाईंना कुणाचं तरी लग्न जुळवायचा घाट दिसला. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर सरळच सांगितलं, की एकट्या म्हाताऱ्याच्या फ्लॅटवर डोळा आहे. कामाशिवाय कोण कुणाकडे येतं, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. तिथे बसलेल्या अकरा जणांपैकी एकाकडेही कितीतरी वर्षांत कुणी कामाशिवाय आलं नव्हतं. "भेटीचा उद्देश स्पष्ट होईपर्यंत सदर इसमास प्रवेश देण्यात येऊ नये" असा ठराव एकमताने झाला.

पुढे अकरा दिवस कंपाउंडर घरीच बसले. सुनेने त्यांना फोनवर चित्र दिसतं ते बोलणं शिकवलं, पण तिकडे बाइंडरांच्या फोनला डोळाच नव्हता. नुसतं बोलायचं तर काय बोलणार? "काय विशेष?" "काही नाही." एवढ्यावर फोन संपे. त्यांच्या भेटीत बोलणं दोन मिनिटांचंच असे, बाकीचा तासभर जो काही असे तो फोनमधून जात नव्हता. बाइंडर खिडकीत बसून फाटकाकडे बघत राहायचे आणि वॉचमन त्यांची नजर टाळायला यंत्र पुसत राहायचा.

बाराव्या दिवशी मात्र चमत्कार झाला. परदेशातल्या एका प्राध्यापक बाईंनी नऊ वर्षं संशोधन करून एक शोध लावला होता आणि तो त्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत आला. शोध असा: ज्यांच्याकडे माणसं न कळवता, काही काम नसताना येतात, ते लोक जास्त जगतात. तिकडे आता यासाठी केंद्रं निघाली होती. एखाद्याच्या दारात अचानक उभं कसं राहावं याचे वर्ग चालत होते, आणि ते महिनाभर आधी भरून जात. शेवटी बाईंनी असंही लिहिलं होतं, की आपल्याला ही कल्पना इकडल्या लोकांवरून सुचली.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण परदेशी वेष्टनात घालून परत आणलं की रांगा लागतात. दुपारपर्यंत सगळ्या गावाला आपला अभिमान वाटू लागला. सेक्रेटरींना मुलीने ती बातमी पाठवली आणि खाली विचारलं, "बाबा, तुमच्याकडे अजून असं असतं ना?" सेक्रेटरींनी बातमी तीनदा वाचली. फाटकावर आपण जे अडवून ठेवलं आहे ते कचरा नसून वारसा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ताबडतोब दैनंदिन संस्कृती संवर्धन कार्यालयाला फोन लावला.

या कार्यालयाला स्थापनेपासून स्वतःच्या खुर्च्या जपण्यापलीकडे काम मिळालेलं नव्हतं. त्यामुळे तिथले अधिकारी दुसऱ्याच दिवशी, सुनेकडून रीतसर वेळ घेऊन, कंपाउंडरांच्या घरी आले. सुनेने आजूबाजूच्या चार घरांना तरी ऐकू जाईल अशा बेताने त्यांचं स्वागत केलं.

"विनाकारण भेटीच्या परंपरेचे आपण हयात असलेले अखेरचे वाहक आहात," अधिकारी म्हणाले.

"अहो, मी नुसता जातो," कंपाउंडर म्हणाले. "मला परत जाऊ द्या, एवढंच माझं म्हणणं आहे."

त्यासाठीच आपण आलो आहोत, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. एकदा परंपरेची नोंदणी झाली, की फाटकावर अडवायची कुणाची छाती होणार नाही. फक्त एक अर्ज भरायचा. कंपाउंडरांना माणूस देवासारखा भेटला असं वाटलं. त्यांनी चष्मा लावला आणि पेन घेतलं.

अर्जातला चौथा रकाना "भेटीचा उद्देश" हा होता. कंपाउंडरांनी तो कोरा ठेवला, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. त्यांनी "सहज" असं लिहिलं, तर हा उद्देश मंजूर उद्देशांच्या यादीत नसल्याचा शेरा आला. त्यांनी "उद्देश नाही" असं लिहिलं, तर "नसल्याबाबत पुरावा जोडावा" असं कळवण्यात आलं. आता नसण्याचा पुरावा आणायचा कुठून? शेवटी ठरलं, की अर्जदाराला काहीही काम नाही असं दोन प्रतिष्ठित नागरिकांचं प्रमाणपत्र चालेल. पण ज्याला काहीही काम नाही अशा माणसाला आपण ओळखतो, हे लिहून द्यायला कुणी प्रतिष्ठित नागरिक तयार होईना. मुलाने शेवटी आपल्या दोन सहकाऱ्यांना गळ घातली आणि त्यांनी कंपाउंडरांना न पाहताच सही केली.

महिन्याभराने कंपाउंडर फाटकातून आत गेले तेव्हा वॉचमनने उभं राहून सलाम केला. वर बाइंडरांनी दार उघडलं आणि "ये" म्हणाले. कंपाउंडर नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले, तर तिथे एक निरीक्षक बसले होते. दुसरे निरीक्षक पलंगावर होते.

मार्गदर्शक तत्त्वं भिंतीवर लावली होती. अचानक भेट दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वीस ते सहा दहा या वेळेत होईल. कंपाउंडरांनी अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारलं, की वार आणि वेळ ठरल्यावर ती अचानक कशी. अधिकाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार आधीच करून ठेवला होता. "अचानकपणाला आम्ही कुठेही धक्का लावलेला नाही. यजमानांना वेळापत्रक सीलबंद पाकिटात दिलं आहे. त्यांनी ते उघडायचं नाही."

चहा बंद झाला, कारण चहा हा लाभ होतो आणि लाभ आला की उद्देश आला. वर्तमानपत्र बंद झालं, कारण माहिती मिळवणं हाही उद्देशच. पुलाच्या भांडणाची कार्यालयाने विशेष दखल घेतली. जुनी दप्तरं धुंडाळून पुलाचं खरं साल शोधून काढलं आणि दोघांना लेखी कळवलं. दोघंही चुकले होते. सव्वीस वर्षं पुरलेला विषय एका ओळीत आटोपला आणि त्यानंतर दोघं निरीक्षकांच्या मधे आपापले गुडघे चोळत पन्नास मिनिटं बसू लागले. भीक नको पण कुत्रा आवर, असं कंपाउंडरांना झालं होतं. पण तक्रार करायची सोय नव्हती. नोंदणी रद्द झाली की फाटक बंद, आणि तेवढं त्यांना परवडणारं नव्हतं. पन्नास मिनिटं तर पन्नास मिनिटं, बाइंडर समोर दिसत तर होते.

मंगळवार-शुक्रवार सोडून इतर वेळी दोघांनी भेटू नये, असं एक कलम होतं. नमुना दूषित होतो म्हणे.

बाहेर मात्र योजना वाऱ्यासारखी पसरली. कार्यालयाने "सहज भेट, पातळी एक" असा प्रमाणपत्र वर्ग काढला. मुलाच्या आणि सुनेच्या कंपन्यांनी तो सक्तीचा केला. त्या रविवारी अकरा वाजता मुलाने वडिलांच्या खोलीचं दार वाजवलं आणि म्हणाला, "बाबा, सहज आलो." कंपाउंडरांनी घाईघाईने पलंगावरची चादर नीट केली, त्याला बसायला जागा दिली. मुलगा बसला. पंख्याकडे बघून म्हणाला, पंखा आवाज करतोय. कंपाउंडर म्हणाले, करतो खरा. वीस मिनिटं झाल्यावर मुलाने कागद पुढे केला आणि "यजमानाची स्वाक्षरी" या जागी बोट ठेवलं. कंपाउंडरांनी सही केली. गृहपाठ का असेना, त्यांना ती वीस मिनिटं फार आवडली आणि पातळी दोन कधी आहे ते त्यांनी विचारून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी बाइंडरांचा चेहरा उतरलेला होता. दहा-बारा मिनिटांनी ते कंपाउंडरांकडे वळले.

"तुला एक सांगायचं होतं."

दोन्ही निरीक्षकांनी पेन वर केलं. खुर्चीवरचे निरीक्षक अदबीने म्हणाले, की सांगायचं असेल तर भेटीला उद्देश प्राप्त होतो आणि मग आम्हाला नाइलाजाने नोंदणी रद्द करण्याची शिफारस करावी लागेल. तरी यजमानांनी विचार करून बोलावं.

बाइंडरांनी विचार केला. "काही नाही," ते म्हणाले. "असंच."

निरीक्षकांनी समाधानाने टिपून घेतलं. कंपाउंडरांनी घरी येऊन लगेच फोन लावला. काय सांगणार होतास, असं विचारलं. बाइंडर म्हणाले, "फोनवर सांगण्यासारखं नाही रे. मंगळवारी येशीलच ना, तेव्हा बघू. ते लोक जरा उठले तर." कंपाउंडर बरं म्हणाले. शनिवारी त्यांनी दोनदा चपला पायांत घातल्या आणि दोनदा काढल्या. गेलो आणि नमुना दूषित झाला, तर मंगळवारही जायचा.

मंगळवारी पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी बेल वाजवली. दार निरीक्षकांनी उघडलं. आत कार्यालयाने आणलेल्या त्यांच्या दोन खुर्च्या होत्या, भिंतीवर तत्त्वं होती, आणि बाकी खोली रिकामी होती. पलंग नव्हता. कपाट नव्हतं. सीलबंद पाकीट खिडकीत ठेवलेलं होतं, न उघडलेलं.

"आपण बसा," निरीक्षक हलक्या आवाजात म्हणाले. "वेळ सुरू झाली आहे."

कंपाउंडर जमिनीवर बसले. पन्नास मिनिटं ते तिथे बसून होते. वाट बघत होते की नुसते बसले होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. निरीक्षकांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. आजवरच्या साऱ्या निरीक्षणांत असं त्यांनी पाहिलं नव्हतं. चहा नाही, संभाषण नाही, लाभ नाही आणि आता तर यजमानही नाही. कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच एका भेटीला शंभर टक्के निरुद्देश असा शेरा मिळाला, आणि ती आदर्श भेट म्हणून अभ्यासक्रमात लावण्यात आली.

खाली वॉचमनने सगळं सांगितलं. मुलगी ठरल्याआधीच, रविवारी गाडी घेऊन आली होती आणि वडिलांना कायमचं आपल्या गावी घेऊन गेली. एकट्याने किती दिवस राहणार, हे तिचंही बरोबरच होतं. सामान गाडीत चढल्यावर बाइंडर म्हणत होते, पाच मिनिटं कंपाउंडरकडे थांबव, वाटेतच आहे.

"मग?" कंपाउंडरांनी विचारलं.

"ताई म्हणाल्या, अहो बाबा, असं न कळवता कुणाच्या घरी कसं जायचं."

कंपाउंडरांना त्या मुलीचा राग आला नाही. राग कुणाचा धरावा हेच त्यांना कळेना. रविवारी दुपारी ते घरीच होते, खिडकीशीच बसलेले होते.

कार्यालयाने पुढच्याच आठवड्यात त्यांचा सत्कार केला. सेक्रेटरींनी भाषणात, आपण हा वारसा पहिल्यांदा फाटकावर कसा ओळखला, ते सविस्तर सांगितलं. प्राध्यापक बाईंचा संदेश वाचून दाखवण्यात आला. बाइंडरांचा फोन आता मुलीकडे असतो. तिला विचारून, वेळ ठरवून कंपाउंडर दर पंधरा दिवसांनी त्यांच्याशी बोलतात. दोघंही फोनवर हळू आवाजात "काही नाही" म्हणतात आणि मग ठेवतात.

पण जन्माची सवय सुटत नाही. संध्याकाळ झाली, की कंपाउंडरांचे पाय आपोआप घराबाहेर पडतात. आता कुठल्या तरी ओळखीच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना सुचतं. परवा ते तुमच्याकडे आले होते. दवाखान्यात तुमच्या लहानपणी खोकल्याचं औषध त्यांनीच भरून दिलं होतं, तेव्हा तेवढ्या ओळखीवर. तुम्ही घरीच होतात. बेल वाजल्यावर तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केलात, घरच्यांना बोटाने गप्प राहायची खूण केलीत आणि पाय न वाजवता दारापाशी जाऊन भिंगातून पाहिलंत. हातात पार्सल नाही, कागद नाही, म्हणजे याचं नक्की काम काय, ते तुम्हाला कळेना. त्यांनी दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. ते कठडा धरून खालपर्यंत उतरेस्तोवर तुम्ही श्वास रोखून तिथेच उभे होतात. मग तुम्ही परत येऊन आवाज वाढवलात. पूर्वी आपल्याकडे माणसं एकमेकांकडे किती सहज येत-जात असत, यावर चर्चा चालू होती, आणि ती तुम्हाला मनापासून पटत होती.